पाणी न विचारणारं घर

आमच्या खापरपणजोबांनी संस्थानच्या पलटणीत असताना पिसाळलेल्या हत्तीला नुसत्या आवाजानं मागं सरकवलं होतं, अशी आमच्या घरात नोंद आहे. लेखी नाही, तोंडी. दर पिढीत हत्ती थोडा वाढतो. माझ्या वाट्याला हत्ती आला नाही, नववीचा वर्ग आला. आवाज मात्र वारशानं मिळाला. सुभानपुऱ्यातल्या शाळेत मी इंग्रजीचा तास घेतो तेव्हा शेजारच्या सोसायटीतली निम्मी माणसं फुकटात इंग्रजी शिकतात आणि उरलेली निम्मी खिडक्या लावून घेतात.

इंग्रजीच्या तासांपैकी आठवड्याला दोन मी नाटकाला देतो. वाचायला नव्हे, करायला. गेल्या शतकातलं अमेरिकन नाटक बाकावर बसून वाचलं की त्याची चव दुसऱ्यांदा गरम केलेल्या चहासारखी लागते, हे मी कॉलेजात स्वतः चाखलंय. तिथं आम्हाला ‘एकाकीपण’, ‘स्वप्नभंग’, ‘पिढ्यांमधला संघर्ष’ असे शब्द लिहून दिले होते. ते कुठल्याही नाटकाच्या उत्तरात कुठेही पेरले तरी मार्क उगवायचे. म्हणून माझ्या वर्गात आधी बाकं भिंतीला लागतात. मग फरशीवर खडूनं दार, खिडकी, टेबल आखायचं आणि वाक्यं पायांनी समजून घ्यायची: कोण कुठून आलं, कुठे बसलं, का उठलं. हा तास पोरांना एवढा आवडतो की तापानं फणफणलेली मुलंसुद्धा त्या दिवशी बरी व्हायला शाळेत येतात.

त्या वर्षीचं नाटक अगदी लहान होतं. अमेरिकेतल्या एका खेड्यातलं स्वयंपाकघर. आई टेबलाशी बटाटे सोलत बसली आहे. बाप अंथरुणाला खिळलेला असताना जो मुलगा घर सोडून गेला, तो कित्येक वर्षांनी दारात येऊन उभा राहतो. बाप मधल्या काळात वारला आहे. मुलगा आत येतो, बसतो. दोघं हवेबद्दल बोलतात, उशिरा आलेल्या बसबद्दल बोलतात, शेजाऱ्यांच्या कुत्र्याबद्दल बोलतात. आई स्वतःपुरती कॉफी ओतून घेते. मुलगा उठतो आणि निघून जातो. तो बसला होता ती खुर्ची आई फडक्यानं पुसते. संपलं. खून नाही, लग्न नाही, गाणं तर नाहीच.

पहिल्या वाचनानंतर मागच्या बाजूनं गुजरातीत निकाल आला, “सर, आमां तो कंई थतुं ज नथी.” यात काही घडतच नाही. मी म्हटलं, थांब लेका, घडेल. कुठे घडणार ते मलाही ठाऊक नव्हतं, पण आवाज असा लावला की पोरगं गप्प बसलं.

त्याच आठवड्यात मुख्याध्यापिका बाईंनी मला बोलावलं. बाई जुन्या दरबारी घराण्यातल्या. त्यांचे पूर्वज संस्थानचे हुकूम लिहायचे आणि आमचे पूर्वज ते पाळायला पळायचे. आम्हा दोघांत ही व्यवस्था अजून चालू आहे. त्यांचं मराठी इतकं स्वच्छ की त्यांच्याशी बोलताना मी मनातल्या मनात शर्टाची वरची गुंडी लावतो. त्यांनी सांगितलं की पालकांच्या तक्रारी आल्यात, आणि इंग्रजीच्या तासाला मुलं बटाटे सोलतात असं कुणीतरी थेट विश्वस्तांच्या कानावर घातलंय.

“हे खोटं आहे,” मी म्हणालो.

“सोलत नाहीत?”

“सोलतात. पण इंग्रजीतून.”

बाई हसल्या नाहीत. त्या वर्षातून एकदाच हसतात आणि त्या वर्षीचं हसू गणेशोत्सवात खर्ची पडलं होतं. त्यांनी निर्णय सांगितला. नाताळच्या सुट्टीआधी आम्ही प्रयोग करायचा. विश्वस्त स्वतः येऊन बघतील. मुलांना नाटक कळलंय असं त्यांना वाटलं तर माझे दोन तास राहतील, नाहीतर जानेवारीपासून त्या तासांना व्याकरणाच्या सरावपत्रिका. आणि जाता जाता, अगदी शांतपणे, त्या म्हणाल्या, “विश्वस्तांना इंग्रजी फारसं येत नाही, सर. ते काय बघून ठरवतील, हे मला सांगता येणार नाही.”

मला सांगता येत होतं. ते काही बघणारच नव्हते. आमचे विश्वस्त म्हणजे लोखंडी सामानाचे बडे व्यापारी, सत्तरी ओलांडलेले, पांढरा सदरा, कपाळावर केशराचा टिळा आणि झोप. शाळेच्या कार्यक्रमात ते पहिल्या रांगेत बसायचे आणि दीप पेटला की विझायचे. एका स्नेहसंमेलनात त्यांच्या कानाशी बँडच्या पथकानं सलामी दिली, तर त्यांनी झोपेतच उलट सलाम केला. हे मी स्वतः पाहिलेलं नाही, पण सांगतो मीच, त्यामुळे खरं धरायला हरकत नाही.

तर असे माझे दोन तास एका झोपाळू माणसाच्या हातात होते, आणि तालमीत मात्र वेगळंच संकट उभं राहिलं.

आईचं काम मी वर्गातल्या सगळ्यात कमी बोलणाऱ्या मुलीला दिलं होतं. गुजराती घरची, आम्ही राहतो त्या वासण्याच्याच बाजूला राहणारी. मुलाचं काम एका उंच मराठी पोराला. त्याचा आवाज नुकताच फुटत होता, त्यामुळे त्याचं प्रत्येक वाक्य दोन माणसं मिळून बोलत आहेत असं वाटायचं. तो खडूच्या दारातून आत आला की ती मुलगी सुरी खाली ठेवायची आणि उठायची. कुठे निघालीस म्हणून विचारलं तर पाणी आणायला. मी सांगितलं की पुस्तकात तसं नाही, आई जागची हलत नाही. तिनं मान डोलावली. दुसऱ्या दिवशी तो आला, ही उठली. कॉफीचंही तेच. स्वतःपुरती ओतायची, तर ही दोन कप भरायची. फक्त एक भर म्हटलं तर तिनं भरला, पण देवाच्या नैवेद्यातला पेढा उचलल्यासारखा चेहरा करून, आणि वर्ग हसून लोळला.

मी तिच्या मांडीवर बटाट्यांची पाटी ठेवून पाहिली. ती पाटीसकट उठली. शेवटी मी भूमिका बदलायची ठरवली. दुसऱ्या मुलीला बसवलं. ती उठली. तिसरीला बसवलं, तीही उठली. चिडून एका आडदांड पोराला आई केलं, तर तो ‘आवो आवो’ करतच उठला. सगळ्या नववीत दारात माणूस आल्यावर खुर्चीत बसून राहू शकेल असं एकही मूल मला सापडेना. इकडे तालमींत एवढे बटाटे सोलले जात होते की भाजीवाला मला लांबून बघूनच पोतं उघडायचा, आणि डब्याच्या सुट्टीत रोज सगळा वर्ग बटाट्याची सुकी भाजी खायचा. भूमिका पुन्हा त्या पहिल्या मुलीकडेच आली, कारण सगळ्यांत ती जरा हळू उठायची.

एका रविवारी शाळेत रंगकाम निघालं, म्हणून मी मुलांना तालमीला घरी बोलावलं.

आमच्या घरी दाराशी माझे वडील असतात. निवृत्त झाल्यापासून त्यांनी स्वतःला तिथं नेमून घेतलंय. एक वेताची खुर्ची, तिच्याशेजारी माठ, माठावर तबक, तबकात उपडे पेले. कुरियरवाला असो, मीटर वाचणारा असो, चुकून भलतीच बेल वाजवलेला असो, बाबांच्या हातचं पाणी प्यायल्याशिवाय कुणी आमच्या दारातून परत जात नाही. उन्हाळ्यात शहराला पाणी पुरवणाऱ्या आजव्याच्या तलावाची पातळी उतरते ती कशानं, हे महापालिकेला माहीत नसेल, मला माहीत आहे.

मुलं आली, प्रत्येकाला पाणी मिळालं, तालीम सुरू झाली. आमचा उंच नायक तेवढा यायचा होता. बऱ्याच वेळानं बेल वाजली. त्याच्या सायकलची चेन उतरली होती, हात काळे, शर्ट घामानं चिकटलेला. बाबांनी दार उघडलं आणि काही न बोलता पेला पुढं केला. पोरानं तो दोन्ही मनगटांत धरून एका दमात संपवला. बाबांनी दुसरा भरून दिला. तोही संपल्यावर मग त्यांनी विचारलं, “कुणाचा रे तू?”

खोलीतली सगळी मुलं हे बघत होती. माझं लक्ष त्या मुलीकडे गेलं. तिच्या हातात अर्धा सोललेला बटाटा होता आणि ती त्या रिकाम्या पेल्याकडे बघत होती.

“सर,” ती हळूच म्हणाली, “एणे जाणीजोईने पाणी नथी आप्युं ने?”

त्या आईनं मुद्दामच पाणी दिलं नाही ना? एवढंच तिनं विचारलं. मी ते नाटक एवढ्यांदा वाचलं होतं की त्याची पानं मला बघून आपोआप उलटत. त्यात पाण्याचा शब्द नाही. लिहिणाऱ्याच्या मनातही नसेल. त्यांच्याकडे पाहुणा स्वतःच फ्रिज उघडतो असं ऐकून आहे. पण मी अशी मान हलवली, जणू आठवडाभर याच प्रश्नाची वाट बघत होतो. म्हटलं, शाबास, आत्ता कुठे आलात.

मग सगळी एकदम बोलायला लागली. ती विसरली नाही. तिला दिसतंय, तो दमून आलाय. हाताशी पाणी आहे. आणि तरी ती बसलीय. एकानं विचारलं, किती राग असेल तिला? दुसरी म्हणाली, राग असता तर ओरडली असती, हे रागाच्या पुढचं काहीतरी आहे. मागच्या बाजूनं ‘कंई थतुं ज नथी’ म्हणणारं पोरगंही तिथंच होतं. ते गुपचूप पुस्तक काढून पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला लागलं.

बाबांनी दाराशी बसल्या बसल्या सगळी गोष्ट ऐकून घेतली आणि त्या मुलीला म्हणाले, “बसून राहायला फार जोर लागेल हो, पोरी.”

ती म्हणाली, हो आजोबा, लागेल.

त्या दिवसापासून तिनं टेबलावर पाण्यानं भरलेला जग आणि एक पेला मागून घेतला, अगदी समोर, हात लांबवला तर पोचेल असा. आता मुलगा दारात आला की तिचे खांदे किंचित वर येत, हात सुरी सोडे, जगाच्या दिशेनं अर्धी वाट जाई आणि परत बटाट्यावर येई. त्या पोराला काही वेगळं सांगावंच लागलं नाही. तो जगाकडे बघायचा, मग आईकडे, मग बसबद्दल बोलायचा. मोबाइलवर बघून पाठ केलेले अमेरिकन उच्चार त्याच्या तोंडातून आपोआप गळून गेले. वर्गात कुणी हसेना. डब्याच्या सुट्टीत भाजीसुद्धा जरा शांतपणे खाल्ली जायला लागली.

रंगीत तालमीला बाई आल्या. शेवटपर्यंत उभ्या राहून पाहिलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, “हा जग मूळ नाटकात आहे?”

“बाई, अमेरिकेत पाणी असतंच.”

“मी नाटकात विचारलं, सर.”

मी खापरपणजोबांच्या हत्तीसारखा मागं सरकलो. बाईंनी जगाकडे एकदा पाहिलं. “राहू द्या,” म्हणाल्या आणि गेल्या.

प्रयोग दुपारचा होता. सभागृहात स्वेटर घातलेले पालक, वर धरलेले मोबाइल आणि पहिल्या रांगेच्या मधोमध आमचे विश्वस्त. समई पेटली. मी विंगेतून बघत होतो. सवयीप्रमाणे त्यांची मान छातीवर टेकली आणि मला सरावपत्रिकांचे गठ्ठे डोळ्यांपुढे दिसायला लागले.

पडदा उघडला. मुलगी बटाटे सोलत होती. बराच वेळ नुसता सालीचा आवाज. मग पोरगं दारात आलं आणि उभं राहिलं. तिनं वर पाहिलं, खांदे उचलले, हात निघाला आणि परत फिरला. सभागृहात कुणीतरी ‘च्’ केलं. पोरगं आत येऊन बसलं, त्याच्या दोन आवाजांत हवेबद्दल बोललं, बसबद्दल बोललं. ती तुटक उत्तरं देत राहिली. इंग्रजी निम्म्या सभागृहाला कळत नव्हतं, पण सगळे जगाकडे बघत होते. वर धरलेले मोबाइल एकेक करून खाली यायला लागले. मग तिनं कॉफी ओतली, एकच कप, आणि तोंडाला लावली. बायकांच्या बाजूनं कुजबुज उठली.

विश्वस्तांची मान वर आली होती. केव्हा, ते मला कळलं नाही. ते पुढं झुकून, गुडघ्यांवर हात ठेवून बघत होते. आणि एकाएकी, घरी बसून सुनेला सांगावं तशा साध्या आवाजात ते म्हणाले, “अरे बेटा, एने पाणी तो आप.”

अगं, त्याला पाणी तरी दे.

सगळं सभागृह वळलं. तिनं पाणी दिलं तर नाटक तिथंच बुडालं. नाही दिलं, तर ज्यांच्या हातात आमचे तास होते त्यांचं चारचौघांत ऐकलं नाही, असं झालं असतं. माझा तो सुप्रसिद्ध आवाज त्या वेळी घशात कुठे जाऊन बसला होता, देव जाणे.

मुलगी थांबली होती. तिला ऐकू आलं होतं, ते सगळ्यांना दिसत होतं. तिनं जगाकडे पाहिलं. समोरच्या पोराकडे पाहिलं. ते पोरगं पुढचं वाक्य न बोलता तिच्याकडे बघत होतं, आणि मी शपथेवर सांगतो, त्या क्षणी त्याला खरोखर तहान लागली होती. मग तिनं खाली मान घातली आणि बटाटा सोलायला घेतला.

विश्वस्त मागं टेकले. पोरगं शेजाऱ्यांच्या कुत्र्याबद्दलचं वाक्य बोललं, उठलं आणि दारातून निघून गेलं. ती उठली, फडकं घेतलं, खुर्ची पुसली. पाठ, बसायची फळी, दोन्ही हात. नाटक संपलं.

आता पडदा पडायला हवा होता. पण आमच्या सभागृहाचा पडदा हा शाळेतला सर्वांत जुना कर्मचारी आहे, तो स्वतःच्या मर्जीनं काम करतो. दोरी अडकली. मुलगी उजेडात एकटी उभी. तिनं थोडा वेळ वाट पाहिली. मग टेबलाशी गेली, जगातून पेला भरला आणि तो दोन्ही हातांनी धरून, न सांडता, विंगेत उभ्या असलेल्या त्या पोराकडे घेऊन गेली. पहिल्या काही रांगांना विंग स्वच्छ दिसत होती. पोरानं पेला घेतला आणि संपवला. टाळ्या तेव्हा सुरू झाल्या. त्या पार शहराबाहेर नंदेसरीपर्यंत ऐकू गेल्या आणि तिथल्या कारखान्यांतली पाळी वेळेआधी सुटली, असं मी आजवर पुष्कळांना सांगितलंय.

नंतर बाईंच्या खोलीत बोलावणं आलं. विश्वस्त खुर्चीत बसले होते, बाई खिडकीपाशी. मी आत गेलो आणि एकदम नाटकाच्या उद्दिष्टांवर बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानं थांबवलं आणि शिपायाला खूण केली.

“मास्तर, पहेलां पाणी पीओ.”

मी प्यायलो. पेला खाली ठेवेपर्यंत ते थांबले. मग त्यांनी विचारलं की त्या मुलीला आपलं बोलणं ऐकू गेलं होतं का. मी खरं ते सांगितलं. ऐकू गेलं होतं.

“तोय न आप्युं,” ते म्हणाले. तरीही दिलं नाही.

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला. पुसायला काही नव्हतं.

“होय छे एवां घर,” ते म्हणाले. असतात अशी घरं.

मी रिक्षावाल्यालाही त्याच्या आजोळापर्यंत विचारत नेणारा माणूस. पण त्यांना कुठलं घर, कुणाचं, असं काही मी विचारलं नाही. बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. बाहेर मुलं टेबल-खुर्च्या आत नेत होती आणि त्यांच्या हसण्याचा आवाज येत होता.

थोड्या वेळानं विश्वस्तांनी आवाज बदलला, दुकानातला लावला. मुलांना समजलंय, म्हणाले. आणि बाईंकडे वळून, जरा लाजूनच, पुढचं म्हणाले: “मने पण समजायुं.” मलाही समजलं. व्याकरणाचं काय, असं बाईंनी कर्तव्य म्हणून विचारलं. ते म्हणाले, व्याकरणाला बाकीचे तास आहेत ना.

घरी जाऊन मी बाबांना सगळं सांगितलं. माझ्या सांगण्यात प्रेक्षक तिप्पट झाले होते आणि विश्वस्त रडले होते. बाबांनी सगळं ऐकून एकच विचारलं, “त्या पोराला शेवटी पाणी मिळालं ना?” मिळालं म्हटल्यावर ते माठात पाणी भरायला उठले.

जानेवारीत नवं वेळापत्रक लागलं. माझे दोन तास जागच्या जागी होते. त्याच दिवशी विश्वस्तांच्या दुकानातून एक खोकं आलं. आत स्टीलचा मोठा जग आणि सहा पेले. आपल्याकडे लग्नात दिलेल्या भांड्यांवर नाव घालतात, तसं प्रत्येकावर यंत्रानं कोरलेलं होतं: शाळेचं नाव आणि त्याखाली ‘नाटक विभाग’.

आमच्या शाळेत नाटक विभाग नाही, कधी नव्हता. मी तो जग बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवला आणि अक्षरं त्यांच्या बाजूला येतील असा फिरवला. भांड्यावर कोरलेलं आता कोण पुसणार, असं मी अगदी गरीब चेहऱ्यानं म्हटलं. बाईंनी चष्मा वर करून ते दोन शब्द वाचले, मग माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नव्या वर्षाचं सगळं हसू जानेवारीतच खर्च करून टाकलं.